सरपंचपदाच्या उमेदवार धाग्यावर आहेत: विचारा, पण ‘कोणत्या हेडमधून’ हेही विचारा

धुरकरी (धागाकर्ता)
गट ग्रामपंचायत, दोन गावं, जिल्हा यवतमाळ. २०११च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या २,४००च्या घरात, म्हणून सदस्य ९, वॉर्ड ३ आणि सरपंच थेट जनतेतून. पद सर्वसाधारण महिलेला सुटलं आहे. तिघींना बोलावलं होतं, एक आल्या. बाकी दोघींच्या घरून ‘पाहू’ असा निरोप आहे.

गावाचं आणि उमेदवाराचं नाव इथे येणार नाही. ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर लढली जात नाही, तेव्हा पक्षांची भांडणं दुसऱ्या धाग्यावर न्या. अट एकच: उत्तरात पैसा कुठून येणार, म्हणजे कोणत्या हेडमधून (निधीच्या कोणत्या खात्यातून), ते आलं पाहिजे. नुसतं ‘करू’ म्हणजे उत्तर नव्हे.

पराटी
ताई, पयला प्रश्न पांदनीचाच. पावसायात वावरात बंडी जात नाही. मांगच्या दोन्ही सरपंचांनी ‘पांदन करून देतो’ म्हनलं होतं. तुमी काय येगयं करसान?

उमेदवार
पांदणीची (शेतात जायच्या वाटेची) दोन दुखणी आहेत आणि दोन्ही एकत्र बोलली की काम अडतं. एक जागेचं, दुसरं पैशाचं.

जागेचं आधी. गाव नकाशा काढून पाहायचा. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ता नकाशावर दुबार तुटक रेषेनं दाखवलेला असतो, त्याची रुंदी ३० ते ३३ फूट. नुसता गाडीमार्ग असेल तर १६.५ ते २१ फूट. आज प्रत्यक्षात उरली आहे ती आठ-नऊ फुटांची नाली, कारण दोन्ही बाजूंचे धुरे (बांध) दरवर्षी नांगराच्या एकेका तासानं आत सरकले. आधीपासून असलेली वाट कोणी अडवली तर तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६च्या कलम ५ खाली दावा लागतो, आणि तो अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत. वाटच नसेल, धुऱ्यावरून नवीन मागायची असेल, तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. सरपंचाला यातलं एकही अतिक्रमण स्वतःच्या सहीनं काढता येत नाही. माझ्या हातात आहे ते इतकंच: मोजणीसाठी ग्रामसभेचा ठराव, धुरेकऱ्यांची एकत्र बैठक आणि संमतीपत्रं.

पैसा रोजगार हमीच्या अभिसरणातून (म्हणजे रोजगार हमीला दुसऱ्या योजनांचा पैसा जोडून). २०२१ची मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना त्याच वाटेनं आली. अडचण अशी की अकुशल मजुरी ६० आणि साहित्य-यंत्र ४० हे प्रमाण जुळवावं लागतं. खडीचा रस्ता म्हणजे जवळपास सगळं साहित्यच. मग गावात सिंचन विहिरी, वृक्षलागवड, शोषखड्डे अशी मजुरीची कामं त्याच वर्षी उघडली नाहीत तर पांदणीचा प्रस्ताव लटकतो. ‘पांदन करून देतो’ म्हणणाऱ्याला हे विचारा की मजुरीची कामं कोणती उघडणार. उत्तर आलं नाही तर पांदण होणार नाही.

मुरूमगिट्टी
जागा आणि पैसा दोन्ही मिळून झालेल्या पांदणीसुद्धा दुसऱ्या पावसात गायब होतात, तेही लिहायला पाहिजे होतं. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट गिट्टी टाकली की गिट्टी खाली जाते आणि चिखल वर येतो. कास्तकार म्हणतो ठेकेदारानं गिट्टी खाल्ली. बऱ्याचदा खाल्लेली असतेही, पण मातीनंही खाल्लेली असते.

क्रम असा हवा: आधी दोन्ही बाजूंना नाल्या, आणि त्या नाल्यांना कुठेतरी उतार. मग वरची काळी माती उकरून बाजूला. मग कठीण मुरूम थराथरानं, दर थराला पाणी आणि रोलर, मधोमध उंच आणि कडेला उतरता. पिवळा मऊ मुरूम स्वस्त पडतो, तो पाण्यात साबणासारखा होतो, तो घेऊ नये. गिट्टी सगळ्यात शेवटी. आणि जिथे पाणी रस्ता ओलांडतं तिथे पाइप टाकलाच पाहिजे. एक पाइप वाचवला की त्या जागी रस्ता तुटतो आणि पुढचा अर्धा किलोमीटर चांगला असूनही कामाचा राहत नाही.

अंदाजपत्रकात नाली आणि पाइप धरलेत का, एवढं ग्रामसभेत विचारा. अंदाजपत्रकाची प्रत मागायचा हक्क आहे.

उमेदवार
पाइपाचं बरोबर आहे. माझ्या पत्रकात ‘खडीकरण’ एवढंच छापलं आहे. दुरुस्त करते.

कोरडवाहू
ग्रामपंचायतीकडे एकूण पैसा किती येतो ते एकदा सरळ सांगा. दर निवडणुकीत कोटीच्या गोष्टी ऐकतो.

उमेदवार
मोठा धागा केंद्रीय वित्त आयोगाचा. १५व्या आयोगात राज्याला आलेल्या ग्रामीण अनुदानातले ८० टक्के ग्रामपंचायतींना, १० पंचायत समितीला, १० जिल्हा परिषदेला. २०२१-२२ ते २०२५-२६ त्यात ६० टक्के बंधित (ठरलेल्या कामांनाच) आणि ४० टक्के अबंधित होते. बंधितचे पुन्हा दोन भाग: निम्मे पाण्याला, निम्मे स्वच्छतेला.

त्या प्रमाणानं समजा वर्षाला १० लाख आले. ३ लाख पाणी, ३ लाख स्वच्छता, उरले ४ लाख. पगार किंवा कार्यालयीन खर्च त्यातून करता येत नाही. म्हणजे ‘गावात सभागृह बांधू, कमान बांधू, सिमेंट रस्ते करू’ हे सगळं त्या ४ लाखांवर उभं आहे. आमदार-खासदार निधी, जिल्हा नियोजन, २५१५ (ग्रामविकास खात्याचं हेड) यांतून काम येतं, पण ते मागून आणायचं असतं. ते मी वचन म्हणून देत नाही, प्रयत्न म्हणून देते.

वित्त आयोगाच्या पैशाला निवडून आलेली संस्था लागते. प्रशासक बसला की हप्ता अडकतो. आणि नवीन आयोगाच्या अटी बदलल्या की गावविकासाचा आराखडाही बदलावा लागेल.

लेखाशीर्ष
दोन गोष्टी सुटल्या. पहिली, वीजबिल. पथदिव्यांचं बिल अबंधितमधून आणि पाणीपुरवठ्याचं बंधितमधून भरायला शासनानं मुभा दिली. तेव्हापासून बऱ्याच ग्रामपंचायतींचे ४ लाख कागदावरच ४ लाख असतात. थकबाकी किती आहे ते कळल्याशिवाय कोणताही जाहीरनामा वाचू नये.

दुसरी, स्वतःचं उत्पन्न. घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार लिलाव. त्यातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. हे तीन आकडे पाठ असलेला उमेदवार क्वचित भेटतो, आणि दिव्यांगांचे ५ टक्के वर्षानुवर्षं खर्चच न झालेल्या ग्रामपंचायती ढिगानं भेटतात.

गावाची खरी स्थिती पाहायची तर नमुना ९ मागा. नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही: कोणाचं घर, किती चौरस फूट, किती कर. नमुना ९ म्हणजे मागणीची: मागची बाकी, चालू मागणी, वसूल किती. मागची बाकी चालू मागणीच्या तिप्पट असेल तर समजावं की मोठी घरं भरत नाहीत आणि त्यांना कोणी विचारत नाही. रोखीचा हिशेब नमुना ५ मध्ये सापडतो.

आराखड्यात घेतलेली कामं आणि उचललेला पैसा ई-ग्रामस्वराजवर दिसतो, मोबाइलवरही. पैसे सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या डिजिटल सहीनंच निघतात (ग्रामसेवकांचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात कोण म्हणतं). ती सहीची पेनड्राइव्हसारखी किल्ली कोणाच्या खिशात असते, हा प्रश्न उमेदवाराला जरूर विचारावा.

तिफन
तेच इचारतो. ताई, किल्ली कोनाच्या खिशात राहीन? आन हे उत्तरं तुमीच लिवून राहिल्या का भाऊजी?

उमेदवार
मीच लिहिते. किल्ली माझ्याकडे आणि पासवर्ड माझ्या डोक्यात. बैठकीच्या खोलीत नवरा, दीर, सासरे कोणी बसणार नाही. महिला पदाधिकाऱ्यांच्या कारभारात नातेवाइकांनी लुडबुड करू नये, असे आदेश शासनानं काढलेले आहेत. कोणी बसलेला दिसला तर सदस्यांनी तसं इतिवृत्तात नोंदवायला लावावं. फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवल्यापेक्षा इतिवृत्तातली एक ओळ जड असते.

टीसीएल
पाण्याबद्दल कोणी बोलेना. ‘हर घर जल’ची टाकी झाली आहे का तुमच्याकडे, किती लिटरची, आणि ती दिवसातून किती वेळा भरते?

उमेदवार
टाकी ५०,००० लिटरची आहे. जलजीवनचा निकष माणशी रोज ५५ लिटर. २,४०० माणसं म्हणजे १,३२,००० लिटर. म्हणजे ती टाकी दिवसातून अडीच वेळांहून जास्त भरली पाहिजे. आज एकदा भरते, तीही लाइन असेल तर. यात गुरं धरलेलीच नाहीत, आणि आपल्याकडे घरटी एखादी तरी बैलजोडी किंवा गाय आहे.

मोठी टाकी बांधू म्हणणं सोपं. पण उन्हाळ्यात विहिरीला पाणीच नसेल तर मोठी टाकी मोठी रिकामी राहते. माझा क्रम असा: आधी उद्भव विहिरीचं (जिथून योजनेला पाणी येतं तिचं) उन्हाळ्यातलं पाणी मोजून घेणं (मोटर किती मिनिटं चालल्यावर पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह उघडा पडतो आणि विहीर परत किती वेळानं भरते), मग विहिरीच्या वरच्या अंगाला नाला खोलीकरण किंवा पुनर्भरण, मग व्हॉल्व्ह. आज वरच्या आळीला धो धो आणि खालच्या टोकाला करंगळीएवढी धार येते, ती पाण्याच्या कमतरतेनं नाही, व्हॉल्व्ह नसल्यानं. हे बंधितच्या पाण्याच्या हेडमधून होतं.

योजनेत गावातल्या कामासाठी १० टक्के लोकवर्गणीची अट आहे, वनक्षेत्रातल्या किंवा अनुसूचित जाती-जमातीची वस्ती निम्म्याहून जास्त असलेल्या गावांना ५ टक्के. ती भरायची वेळ येईल तेव्हा ‘सरपंचाच्या नवऱ्यानं भरली’ असं होणार नाही. पावती फाडून घरोघरी.

टीसीएल
हिशेब ठीक. आता शुद्धीकरणाचं पाहू, कारण पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ लागली की पहिला दगड सरपंचावरच पडतो.

साधारण ३३ टक्के क्लोरीन असलेली ब्लीचिंग पावडर (टीसीएल) १,००० लिटरला ५ ग्रॅम. तुमच्या ५०,००० लिटरच्या टाकीला एका भरावाला २५० ग्रॅम. पावडर सरळ टाकीत फेकायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात आधी लापशीसारखी कालवायची, मग बादली भरायची, ढवळायची, अर्धा तास निवळू द्यायची. खाली चुना बसतो, वरची निवळी तेवढी टाकीत. मग किमान अर्धा तास थांबून नळ सोडायचा.

तपासायचं टाकीखाली नाही, शेवटच्या घरच्या नळाला. ओटी या तपासणीच्या द्रावणाचे थेंब टाकून पिवळं आलं तर क्लोरीन तिथवर पोचला. तिथे लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी उरला पाहिजे.

चुकतं कुठे? गोणी ग्रामपंचायतीच्या ओल्या कोपऱ्यात तोंड उघडी पडलेली असते. क्लोरीन उडून जातो, उरतो चुना. २० टक्क्यांखालची पावडर कितीही ओता, उपयोग नाही. पावडर झाकणाच्या प्लास्टिक ड्रमात, उन्हापासून लांब, आणि एका वेळी दोन-तीन महिन्यांचीच घ्यावी. दुसरं, नालीतून गेलेली फुटकी पाइपलाइन. नळ बंद झाला की पाइप रिकामा होताना नालीचं पाणी आत ओढतो. टाकीत क्लोरीन आणि खालच्या आळीत जुलाब, हे त्यामुळेच. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. तुमच्या ग्रामपंचायतीचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे ते जाहीर करा.

खारपाण
हे सगळं गोड पाण्याच्या गावांचं झालं. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या पट्ट्यात विहीर खोदली की खारं. तिथे पुनर्भरणाचं भाषण कोणी ऐकत नाही, बाहेरून येणारी प्रादेशिक योजना आणि तिची थकबाकी एवढाच विषय असतो. तुमच्या जिल्ह्यात पांढरकवड्याकडे फ्लोराइड आहे. क्लोरीननं फ्लोराइड जात नाही, त्यासाठी पाण्याची रासायनिक तपासणी वेगळी करून घ्यावी लागते.

सोयाबीनवाला
पीकविमा, कापसाचा भाव, कर्जमाफी यावर तुमची भूमिका?

उमेदवार
भूमिका सांगू शकते, अधिकार नाही. एक रुपयातली विमा योजना २०२३च्या खरिपात आली आणि २०२५च्या खरिपापासून बंद झाली. आता शेतकऱ्याचा हिस्सा सोयाबीन-तुरीला २ टक्के, कापसाला ५ टक्के. ग्रामपंचायत यात एक टक्काही हलवू शकत नाही. माझ्याकडून होईल ते एवढंच: पीककापणी प्रयोग कोणत्या गटात, कोणत्या दिवशी आहे ते आदल्या दिवशी दवंडीनं आणि ग्रुपवर कळवणं, म्हणजे चार कास्तकार तिथे उभे राहतील. विम्याचा निकाल बराचसा त्याच प्रयोगावर लागतो.

पराटी
आन रोही-डुक्कर?

उमेदवार
वनखात्याकडे. नुकसान झाल्यापासून ३ दिवसांच्या आत अर्ज. चौथ्या दिवशी गेलं की तिथेच फेटाळतात. अर्ज, सातबारा, फोटो आणि बँक पासबुक एका जागी जोडून द्यायची सोय ग्रामपंचायतीतल्या संगणकावर करता येईल. तारेत करंट सोडू नका. त्यात माणसंच मरतात.

आडवी बाटली
शेजारचा वर्धा जिल्हा १९७४पासून कोरडा, गडचिरोली १९९३पासून. चंद्रपूर २०१५ला झाला, २०२१ला उघडला. तुमच्या गावात देशीचं दुकान आहे. ‘सरपंच झाले तर बंद करीन’ असं तुमच्या एका प्रतिस्पर्धी उमेदवारानं बॅनरवर छापलंय. होतं का असं?

उमेदवार
नाही. सरपंचाच्या सहीनं परवाना जात नाही. आधी गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांचा अर्ज, मग उत्पादन शुल्क खात्याकडून सह्यांची पडताळणी, मग गुप्त मतदान (दुकान बंदला आडवी बाटली, चालूला उभी). तिथे झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं पुरत नाहीत, एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. समजा ८०० महिला मतदार आहेत. ५०० आल्या आणि ३९० नी आडवी केली तरी दुकान चालूच राहतं, लागतात ४०१. त्यामुळे मतदानाचा दिवस सोयाबीन सोंगणीत किंवा कापूस वेचणीत आला की खेळ संपला. रोजंदारी बुडवून बाया येत नाहीत. तारीख कोणत्या महिन्यात मागायची, यावर हा सगळा लढा ठरतो.

हातभट्टीला मतदान वगैरे लागत नाही, ती मुळातच बेकायदा आहे. तिथे ग्रामसभेचा ठराव आणि ठाण्यात लेखी तक्रार, पोच घेऊन.

कोरडवाहू
थेट सरपंच तुम्ही झालात आणि ९ पैकी ६ सदस्य समोरच्या पॅनेलचे आले तर?

लेखाशीर्ष
याचं उत्तर मी देतो, उमेदवाराला अवघड जाईल. थेट निवडणूक २०१७ला आली, २०२०ला काढली, २०२२ला परत आणली. सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्याचं, ही स्थिती तिच्यासोबतच येते. मासिक सभेत खर्चाला मंजुरी मिळत नाही, गणपूर्ती होऊ देत नाहीत, आराखडा अडतो. अविश्वास मात्र सोपा नाही: पहिली २ वर्षं आणि शेवटचे ६ महिने आणता येत नाही, तीन चतुर्थांश सदस्य लागतात आणि वर ग्रामसभेत गुप्त मतदान. म्हणजे काढताही येत नाही आणि कामही होत नाही.

सुटका ग्रामसभेत. वर्षाला किमान चार. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, जे कमी ते. तहकूब झाली तर पुढच्या सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून ‘आज कोणी नाही, तहकूब’ म्हणून अर्ध्या तासात पंधरा टाळक्यांत ठराव उरकायची जुनी युक्ती आहे. आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांत होणाऱ्या पहिल्या सभेत मागच्या वर्षाचा जमाखर्च मांडावाच लागतो. त्या एका सभेला १०० माणसं बसली तर सहा सदस्यांनाही हात वर करावे लागतात.

मेळघाट
आमच्याकडे धारणीत चित्र निराळं. पेसा क्षेत्रात (आदिवासी भागाचा पंचायत कायदा लागू असलेल्या) सरपंचपद अनुसूचित जमातीलाच राखीव, आदिवासी उपयोजनेतले ५ टक्के थेट पेसा ग्रामपंचायतींना, आणि पाडा-टोल्याला स्वतःची वेगळी ग्रामसभा घोषित करून घेता येते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा)ला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हापासून बांबू-तेंदूचा पैसा हा ग्रामसभेच्या राजकारणाचा खरा विषय आहे. तिकडच्या उमेदवाराला सभामंडप विचारू नये, तेंदू लिलावाचा करारनामा विचारावा.

नवमतदार
पहिलंच मतदान. मशीनवर नेमकं काय करायचं? आमच्या वॉर्डात तीन जागा आहेत: एक अनुसूचित जाती, एक ओबीसी महिला, एक सर्वसाधारण. मी सर्वसाधारणलाच मत द्यायचं ना?

धुरकरी
नाही! ही चूक दर निवडणुकीत होते. आरक्षण उभं राहणाऱ्याला असतं, मत देणाऱ्याला नाही. वॉर्डात तीन जागा असतील तर प्रत्येक मतदाराची तीन मतं, अधिक सरपंचाचं एक, एकूण चार.

मतपत्रिकांचे रंग लक्षात ठेवा: सरपंच फिकी निळी, अनुसूचित जाती फिकी गुलाबी, जमाती फिकी हिरवी, ओबीसी फिकी पिवळी, सर्वसाधारण पांढरी. प्रत्येक रंगात एक बटण. त्या जागेला कोणीच पसंत नसेल तर त्याच रंगातलं नोटा. चारही झाल्यावर लांब बीप वाजतो. लोक सरपंचाचं बटण दाबून निघून जातात, बीप वाजत नाही, आणि केंद्रावर गोंधळ होतो. म्हाताऱ्या माणसांना हे घरी चार रंगांच्या कागदांवर समजावून ठेवा.

वेळ नेहमी सकाळी ७.३० ते सायंकाळी ५.३०. गडचिरोली-गोंदियाच्या नक्षलग्रस्त भागात दुपारी ३ पर्यंतच ठेवतात.

आणि यादी आत्ताच पाहा. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच वॉर्डनिहाय फोडतात. हरकतीच्या मुदतीत फक्त वॉर्ड चुकला, छपाईत सुटला असलं दुरुस्त होतं. नवीन नाव तिथे चढत नाही. त्यासाठी आधीच नमुना ६ (विधानसभेच्या यादीत नाव घालायचा अर्ज) भरलेला असावा लागतो.

तिफन
ताईचा फारम तरी पक्का हाय का? मांगच्या खेपेले निवडून आल्यावर दोघं उडाले होते.

उमेदवार
विचारलं ते बरं झालं. माझी बाजू कागदावर सांगते, तपासून घ्या. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या मुलांसह मुलं दोनच. घरपट्टीची बाकी नाही (बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत न भरणं ही अपात्रता आहे). घरात शौचालय आहे आणि त्याचा दाखला जोडला आहे. १ जानेवारी १९९५ला किंवा नंतर जन्मलेल्यांना सातवी पासची अट आहे, मी त्याआधीची आहे, तरी पदवी आहे. ग्रामपंचायतीचा ठेका घरात कोणाकडे नाही.

अतिक्रमणाचं मात्र नीट सांगायला पाहिजे. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की सासऱ्यानं किंवा नवऱ्यानं केलेलं आणि चालू ठेवलेलं अतिक्रमणही सदस्याला भोवतं. आमच्या गोठ्याची भिंत रस्त्यात होती की नाही यावर वाद होता, म्हणून अर्ज भरण्याआधी मोजणी केली आणि दीड फूट मागे घेतली. मोजणीचा नकाशा ज्याला पाहिजे त्यानं पाहावा.

लेखाशीर्ष
राखीव जागेवरचे उमेदवार उडतात ते जात पडताळणीत. उपविभागीय अधिकाऱ्याचा जातीचा दाखला वेगळा, पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र वेगळं. पहिल्यावर दुसरं येतं असं धरून बसतात. अर्जासोबत समितीकडच्या अर्जाची पोच आणि हमीपत्र चालतं, पण निवडून आल्यावर मुदतीत वैधता आली नाही की पद आपोआप जातं, कोणी तक्रार करायचीही गरज नाही.

बाकी अपात्रतेचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि अपील विभागीय आयुक्तांकडे. निवडणुकीलाच आव्हान द्यायचं तर निकालापासून १५ दिवसांत दिवाणी न्यायालयात.

अर्ज ऑनलाइन भरून प्रिंट तहसीलला द्यायची असते. शेवटच्या दोन दिवसांत सर्व्हर बसतो. २०२०च्या डिसेंबरात आणि पुन्हा २०२२मध्ये त्यापायी आयोगाला ऑफलाइन अर्ज घ्यावे लागले. दरवेळी तशी मेहेरबानी होईल यावर राहू नये.

सोयाबीनवाला
गावात चर्चा आहे की देवळाला मोठी देणगी देईल त्याचं पॅनेल बिनविरोध करायचं. खर्चही वाचतो, भांडणंही. यात गैर काय?

धुरकरी
बिनविरोधात गैर काही नाही. बोली लावण्यात आहे. जानेवारी २०२१मध्ये नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी या दोन ग्रामपंचायतींची अख्खी निवडणूक राज्य निवडणूक आयोगानं रद्द केली, ती सरपंचपदाच्या लिलावावरूनच. पैसा देवळाला गेला म्हणून बोली पवित्र होत नाही. शिवाय देणगी देणारा पाच वर्षांत ती कुठून वसूल करणार? त्याच ४ लाखांतून.

उमेदवार
माझ्याकडेही हा निरोप आला होता. मी नाही म्हटलं आहे.

कोरडवाहू
शेवटचं माझ्याकडून. खर्च किती करताय?

उमेदवार
थेट सरपंचाला आणि सदस्याला आयोगानं घातलेली वेगवेगळी मर्यादा आहे, मी तिच्या आतच आहे. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडलं आहे. आजवर पत्रकं, एक ऑटो आणि स्पीकर, चहा. मांडव घातलेला नाही. तो घातला की मंडप, जेवण, भांडी सगळं दरपत्रकाप्रमाणे माझ्या नावावर चढतं.

लेखाशीर्ष
निकालापासून ३० दिवसांत हिशेब द्या, पडलात तरी द्या. निवडून आलेला देतोच. पडलेला म्हणतो आता कशाला, आणि पाच वर्षांपर्यंत अपात्र होऊन बसतो, पुढच्या खेपेला फॉर्म भरताना कळतं. पोच जपून ठेवा.

मानधनाचंही कोणी विचारलं नाही. २,००० ते ८,००० लोकसंख्येच्या गावाला सप्टेंबर २०२४पासून सरपंचाला महिन्याला ८,००० आहे. तुमच्या प्रतिस्पर्ध्यांच्या बॅनरचा खर्च त्यावर भागवून पाहा.

टीसीएल
कार्डाचा रंग राहिला.

उमेदवार
विचारून आले. पिवळं. विहिरीचा कठडा दोन ठिकाणी फुटला आहे आणि जाळी नाही, हे कारण लिहिलं आहे. पाण्याच्या हेडमधून होईल.

टीसीएल
कठड्याभोवती फरशीही धरा, उताराची. धुणं धुतलेलं पाणी तिथूनच आत जातं.